रात्री नऊ वाजता लेकरू कोणाजवळ आहे?

पोस्ट मोठी आहे. घाई असेल तर सेव्ह करून ठेवा, निवांत वाचा, पण वाचा.

मागच्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. काम वेगळंच होतं. नळयोजनेचं पाणी टाकीपर्यंत आलं आणि टाकीतून पुढं सरकलंच नाही, अशी तक्रार होती. फोटो काढून, सरपंचाच्या घरी चहा घेऊन निघेपर्यंत सात वाजले. डिसेंबरातले सात म्हणजे डोंगराकडेला मिट्ट काळोख. रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या घरापुढं चूल पेटलेली दिसली आणि चुलीपुढं एक पोरगा भाकरी थापत बसला होता. चांगल्या सरावलेल्या हातानं. मी गाडी थांबवली.

पोरगा पाचवीत. धाकटी बहीण दुसरीत. दोन चुलत भावंडं, त्यातलं एक अंगणवाडीच्या वयाचं. आजी बाजेवर. तिला दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन "पोरं कारखान्याहून आल्यावर" करायचं ठरलंय. दोन्ही मुलगे आणि दोन्ही सुना दिवाळी झाल्या झाल्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात गेलेत. येतील ते पाडव्याच्या मागं-पुढं.

मी विचारलं, शाळेत जेवण मिळतं का रे? म्हणाला, दुपारची खिचडी मिळते. आणि रात्रीचं? "गुरुजी म्हणतेत वसतिगृह सुरू होणारय." कधी? त्यानं नुसते खांदे उडवले. आजी बाजेवरून म्हणाली, "मागल्या साली संक्रांतीला झालं व्हतं दादा. औंदाबी तवाच व्हईल."

मग तिनं आपणहून सांगितलं. चार दिवसांपूर्वी रात्री धाकट्याला ताप भरला. अंग नुसतं भाजत होतं. हा पाचवीतला पोरगा मोबाइलची बॅटरी लावून शेजारच्या वस्तीवर गेला, तिथल्या माणसाला उठवलं, त्यानं मोटारसायकलवर दोघांना आरोग्य केंद्रात नेलं. आजी म्हणाली, "मीच जायला पायजे व्हतं. पण मी गेल्यावर ह्या दोघी पोरींजवळ कोण?"

तिचं हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. कारण ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निघालेली बहुतेक परिपत्रकं मी या ना त्या निमित्तानं वाचली आहेत आणि तिचा हा प्रश्न मला त्यातल्या एकातही दिसलेला नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचा बीड जिल्हा, शेजारचे पाथर्डी, जामखेडसारखे तालुके, जालना-परभणीचा काही भाग, इथून दर वर्षी लाखो माणसं ऊस तोडायला जातात. राज्यातल्या एकूण तोडणी कामगारांचा आकडा आठ-दहा लाख सांगितला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उन्हाळ्या-पावसाळ्यात उचल देतो, ती फेडायला दसरा-दिवाळीनंतर पाच-सहा महिने फडात राबायचं. राहायला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोप. पहाटे अंधारात तोड सुरू. लेकरू सोबत नेलं तर ते फडाच्या बांधावर नाहीतर मोळ्यांच्या आडोशाला, आणि घरी ठेवलं तर म्हाताऱ्यांजवळ. तिसरी जागा नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणारा मी नाही. नव्वदच्या दशकात संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा काढल्या, मग सरकारही त्यात आलं. लेकरू आई-बापासोबत राहायचं आणि चार अक्षरंही शिकायचं. पण अर्धं वर्ष गावच्या शाळेत आणि अर्धं साखरशाळेत काढून आलेलं पोरगं गावात परत आलं की वर्गाच्या मागं पडलेलं असायचं. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि धोरण फिरलं. लेकरू नियमित शाळेतच पाहिजे. त्यातून दोन वाटा निघाल्या. जे लेकरू आई-बापासोबत जाईल त्याला शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यावं. आणि जे गावात राहील त्याच्यासाठी हंगामी वसतिगृह.

या दुसऱ्या वाटेबद्दल मला बोलायचंय.

'वसतिगृह' म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांपुढं खाटा येतात, रेक्टर येतो, रात्री दहाला बंद होणारं गेट येतं. आमच्याकडं मी जी हंगामी वसतिगृहं पाहिली त्यातल्या बहुतेकांत यातलं काही नाही. शाळेची एक खोली असते, स्वयंपाकाला गावातली एखादी बाई असते. सकाळी आणि संध्याकाळी जेवण. शाळा व्यवस्थापन समिती चालवते, म्हणजे व्यवहारात मुख्याध्यापक चालवतात. जेवून झालं की लेकरं आपापल्या आजीकडं, चुलतीकडं, नाहीतर कुलूप उघडून आपल्याच रिकाम्या घरात झोपायला जातात. आमच्या भागात एक गुरुजी असे आहेत की स्वतः सतरंजी घेऊन शाळेत झोपतात, पोरांनाही झोपवतात. पण ते त्यांच्या बायकोच्या मोठेपणावर चाललंय, सरकारच्या नाही.

म्हणजे योजनेचं नाव वसतिगृह आणि योजना आहे दोन वेळच्या ताटाची. ताटाला मी कमी लेखत नाही. मी स्वतः त्या ताटाला मोताद असलेलं पोरगं होतो, त्यावर पुढं येतो. पण संध्याकाळी साडेसातपासून सकाळी सातपर्यंतचे जे साडेअकरा तास आहेत, ते सरकारच्या कागदावर नाहीतच.

त्यात ते ताटही वेळेवर नाही. हे जरा नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथं आहे.

शाळेचा पट मोजून शिक्षकांची पदं ठरवायची, म्हणजे संचमान्यता करायची, त्यासाठी तारीख धरतात 30 सप्टेंबर. तेव्हा लेकरं, आई-बाप सगळे गावातच. पट भरलेला. त्यानंतर दसरा, दिवाळी, आणि पंधरा दिवसांत वस्त्या मोकळ्या. मग स्थलांतराचं सर्वेक्षण करायचं, कोण गेलं, कोणाची लेकरं मागं राहिली त्याच्या याद्या करायच्या, शाळेनं ठराव घ्यायचा, केंद्रप्रमुखाकडून गटशिक्षणाधिकाऱ्याकडं, तिथून जिल्हा परिषदेत, पडताळणी, त्रुटी, परत प्रस्ताव, मंजुरी. पैसे त्याच्याही नंतर. मधल्या काळात मुख्याध्यापक गावातल्या किराणा दुकानात उधारी करतो, किंवा करत नाही. ज्याला आधीच्या वर्षीची उधारी फिटायला जून उजाडला तो यंदा कशाला करेल? म्हणून संक्रांत. लेकरू नोव्हेंबरात एकटं पडतं आणि ताट जानेवारीत वाढलं जातं.

आता दुसऱ्या बाजूला बघा. कारखान्याचं गाळप कोणत्या तारखेला सुरू करायचं हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती ठरवते. दर वर्षी बैठक होते, तारीख जाहीर होते, आम्ही ती पहिल्या पानावर छापतो. 2023 ला 1 नोव्हेंबर होती, 2024 ला 15 नोव्हेंबर. 2024 ला 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, तर कामगारांचं मतदान हुकेल म्हणून हंगाम पुढं ढकला अशी मागणी झाली, त्यावर चर्चा झाली. व्हायलाच पाहिजे होती. पण म्हणजे माणसं कधी घर सोडणार हे सरकारला आधी कळतं. माणसांना घर सोडायला लावणारी तारीख सरकार स्वतःच ठरवतं! मग ज्या बैठकीत गाळपाची तारीख ठरते त्याच बैठकीत वसतिगृहाची तारीख का ठरत नाही? तिथं साखरेचा उतारा असतो, एफआरपी असते, इथेनॉल असतं. शिक्षण खात्याचा सचिव त्या टेबलावर पाहिजे, असं आजवर कोणाला वाटलेलं दिसत नाही.

कामगारांच्या पुढाऱ्यांनाही वाटलेलं दिसत नाही. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, मुकादमाचं कमिशन 19 वरून 20 टक्के झालं. वाढ हक्काचीच होती, आनंदच आहे. दराच्या बातम्यांत मात्र लेकरांची ओळ मी शोधून थकलो. शोधून थकलो असं म्हणतोय खरं, पण त्यातल्या दोन बातम्या मीच लिहिल्या होत्या.

आता माझं सांगतो, नाहीतर दुसऱ्यांच्या चुका काढणं सोपं आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. एका गावच्या हंगामी वसतिगृहात बोगस मुलं दाखवलीत अशी टीप मिळाली. संध्याकाळी जेवणाच्या वेळेला न सांगता गेलो. कागदावर साठ, पंगतीत अडतीस. पंगतीचा फोटो काढला, हजेरीपत्रकाचा काढला. 'वसतिगृहात कागदी मुलं' असा मथळा दिला. चार कॉलम लागली. मला खूप फोन आले, एका संस्थेनं सत्कार पण केला. चौकशी लागली, मुख्याध्यापकाला नोटीस निघाली, वसतिगृह बंद झालं. पुढच्या वर्षी त्या गावात समितीत बसायलाच कोणी तयार होईना. गुरुजी म्हणाले, आम्ही शिकवू, हा उद्योग आम्हाला नको.

दोन-तीन महिन्यांनी बाजारात त्या गावची एक बाई भेटली. नात तिच्याजवळ होती. मला ओळखून म्हणाली, "चोर सापडला व्हय दादा? बरं झालं. ताट मात्र आमचं गेलं."

बावीस नावं खोटी होती का? होती. काही निव्वळ चोरीची होती, त्याला मी वेगळं नाव देणार नाही. पण नंतर बसून हिशोब केला तेव्हा दिसलं, त्यातली सात-आठ लेकरं खरी होती. नोव्हेंबरात गावात होती, डिसेंबरापर्यंत जेवण सुरू होईना म्हणून आई-बापांनी मुकादमाच्या गाडीत घालून फडावर बोलावून घेतली. ती कागदावर राहिली, पंगतीतून गेली. उशिरा मिळालेल्या मंजुरीनं तयार केलेली ती 'बोगस मुलं'. हे मी तेव्हा छापलं नाही, कारण मी तेव्हा विचारलंच नाही. मला आकडा मिळाला होता, आकड्याची बातमी झाली. पंगतीतल्या अडतीस लेकरांचं उद्या काय, हा कॉलम माझ्या बातमीत नव्हता. पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला 'फॉलोअप' शिकवला होता. त्या बातमीचा फॉलोअप मी आज करतोय असं समजा.

बोगसगिरी थांबवायला पुढं बायोमेट्रिकची चर्चा झाली, फोटो मागवणं सुरू झालं, पडताळण्या वाढल्या. नियंत्रण पाहिजेच. पण आमच्याकडं नियंत्रणाचा सोपा अर्थ म्हणजे बंद करा. रेशन दुकानदारानं धान्य ढापलं तर गावाचं रेशन कोणी बंद करत नाही, दुकानदार बदलतात. मग वसतिगृहाला हा न्याय का नाही?

आता माझं दुसरं.

माझे आई-बाप ऊस तोडायचे. मी तिसरीत असताना मला आजीजवळ ठेवलं, कारण मी मुलगा आणि शाळेत बरा. माझी अक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. गणितात माझ्या कितीतरी पुढं. पाढे मला तिनंच शिकवले. पण धाकटा भाऊ वर्षाचा होता, फडावर त्याला धरायला कोणीतरी पाहिजे होतं. अक्का गेली. तीन हंगाम गेली. त्यानंतर तिला शाळेत बसायची लाज वाटायला लागली, वर्गातली पोरं बुटकी आणि ही उंच. पंधराव्या वर्षी लग्न झालं. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर तिचा स्वतःचा कोयता झाला. आज ती सत्तेचाळीस वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत म्हणून तोडीला जाता येत नाही, आणि तिचा मुलगा-सून कारखान्याला गेल्यामुळं नातवंडं सांभाळत घरी आहे. धोरणाच्या भाषेत सांगायचं तर आज ती 'पालक उपलब्ध' या रकान्यातली पालक आहे.

मुलींचा मुद्दा इथं वेगळा काढून सांगावा लागतो. मुलगा मागं ठेवायला आई-बाप तयार होतात. मुलगी तेरा-चौदाची झाली की रात्री ती आंधळ्या आजीजवळ राहणार, ही कल्पनाच बापाला झोपू देत नाही. हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतचं. म्हणजे ज्या वयात धोका वाढतो त्याच वयात योजना संपते. मग उरतात दोनच उपाय. सोबत न्या, नाहीतर लग्न लावून टाका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 43.7 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्याचा आकडा 21.9. निम्मा. बालविवाह रोखायला आमच्याकडं रॅल्या निघतात, शपथा होतात, पथनाट्यं होतात. मी ती सगळी कव्हर करतो. पण पोरीच्या बापाला एकदा विचारून बघा की रात्री झोपायला खात्रीची जागा मिळाली तर लग्न चार वर्षं थांबवशील का. मी विचारलंय. उत्तर देताना ते माझ्याकडं असे बघतात की हा शहाणा आहे का खुळा.

याचं उत्तर सरकारलाही सुचलेलं आहे, हे मान्य केलं पाहिजे. 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. ऊसतोड कामगारांच्या 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी 82 वसतिगृहं. प्रत्येकी शंभर जागा. ही खरी वसतिगृहं आहेत, राहायची. त्यातली मुलं मी पाहिलीत, त्यांच्यात फरक दिसतो. पण गुणाकार करा. बयाऐंशीच्या बयाऐंशी सुरू झाली आणि शंभरच्या शंभर जागा भरल्या तरी 8,200 लेकरं होतात. आणि ती तालुक्याच्या गावाला. पहिली-दुसरीचं लेकरू आजीला सोडून तालुक्याला राहणार नाही, ठेवूही नये. म्हणजे मोठ्यांसाठी ही वाढवा, लहानांसाठी गावातलीच रात्र सुरक्षित करा. एकानं दुसऱ्याचं काम होणार नाही.

पैसे? कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागं 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, असा निर्णय झालेला आहे. बऱ्या हंगामात राज्यात 1,000 लाख टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे एका बाजूचे शंभर कोटी, दुसऱ्या बाजूचे शंभर कोटी. वस्तीवरच्या एका धडधाकट बाईला सहा महिने, रोज संध्याकाळी सात ते सकाळी सात, दहा-बारा लेकरांजवळ झोपायचा मेहनताना द्यायला यातला किती हिस्सा लागेल? अशी बाई प्रत्येक गावात आहे. विधवा आहे, परित्यक्ता आहे, गुडघे गेलेली पण डोळे शाबूत असलेली माझी अक्का आहे. तिच्याकडं चार्ज केलेला फोन असावा, आरोग्य केंद्राचा नंबर असावा, गाडीवाल्याला द्यायला पाचशे रुपये असावेत. एवढंच. यासाठी जागतिक बँकेची गरज नाही.

आणखी एक गंमत बघा. बालसंगोपन योजनेत आई-बाप नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या लेकराला महिन्याला 2,250 रुपये मिळतात. चांगली योजना आहे. वस्तीवरच्या त्या आजीनं अर्ज केला तर? आई-बाप दोघं हयात, दोघं कमावते, कुटुंब एकत्र. अपात्र. सहा महिने लेकरांना आई-बाप नसतात, पण अनाथ व्हायला ते कायमचं असावं लागतं.

मुख्य अडचण विचाराल तर यादीची. ग्रामसेवकांनी कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायची असं ठरलं. शाळेची यादी वेगळी, अंगणवाडीची वेगळी, आशाताईची वेगळी. चारही याद्यांत आमच्या वस्तीवरची ती चार लेकरं कुठं ना कुठं असतील, पण 'आई-बाप दोघं बाहेर, सांभाळणारी एक म्हातारी, तिला दिसत नाही' असं एका ओळीत कुठंच नाही. अचूक यादी एकाच माणसाकडं असते, मुकादमाकडं. कोणत्या घरातून कोण निघालं, कोणत्या तारखेला, कोणत्या कारखान्याला, सोबत किती लेकरं, मागं किती. आधार कार्डाची झेरॉक्स, फोन नंबर, स्टॅम्प पेपर. त्याचे पैसे अडकलेत ना, त्याला माहिती ठेवावीच लागते. कारखान्यानं करार करताना मुकादमाकडून मागं राहिलेल्या लेकरांचा रकाना भरून घेतला आणि तो जिल्हा परिषदेला पाठवला, तर दसऱ्याच्या आत यादी तयार. सर्वेक्षणाची गरजच काय?

अशी मोजणी होते का कुठं? चीनमध्ये झाली. तिथं शहरात कामाला गेलेल्या मजुरांची गावी राहिलेली लेकरं हा फार मोठा प्रश्न. 2015 मध्ये ग्वीचौ प्रांतात बिजिए इथं घरात एकटीच राहणारी चार भावंडं दगावली आणि सगळा देश हादरला. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारनं नावनिशीवार मोजणी केली. आकडा निघाला 90 लाख 20 हजार, आणि त्यातल्या तीन लाख साठ हजार लेकरांना सांभाळणारं कोणीच नाही, हेही लिहून काढलं. आई-बाप जाताना लेकरू कोणाच्या हवाली करतात हे लेखी घ्यायचं ठरवलं. त्यांचं राज्य कसलं आहे ते मला माहीत आहे, त्याची आरती ओवाळायची नाही. पण 'किती' आणि 'कोणाजवळ' हे दोन प्रश्न त्यांनी विचारले. आपण 'किती ताटं' यापुढं गेलो नाही.

काही मित्र म्हणतील, मुळात स्थलांतरच थांबवा, पाणी द्या, रोजगार द्या, वसतिगृहं कशाला. बरोबर आहे. हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. आता माझा पोरगा कॉलेजात आहे. काहींचं म्हणणं याच्या उलट असेल, की लेकरांनी आईजवळच राहावं, कोपीत का होईना. हे म्हणणं मला एकदम उडवून लावता येत नाही. माझी आई अजून सांगते की सांगलीकडं फडात असताना संध्याकाळी दुसऱ्याचं लेकरू रडलं तरी तिला मीच रडतोय असं वाटायचं. इकडं मी आजीच्या गोधडीत रडतच असायचो, ते तिला सांगत नाही. पण मी शिकलो ते मागं राहिलो म्हणून, आणि अक्का राहिली नाही म्हणून तिचं तसं झालं. आमच्या घरात हा हिशोब कोणी उघड करत नाही. आईबापाला निवडायला लागू नये असं राज्य येईल तेव्हा येवो, आत्ता निवडावं लागतंय.

वस्तीवरून निघताना त्या पोराला विचारलं, आई-बापाचा फोन येतो का? म्हणाला, नऊ वाजता येतो, तोड लवकर संपली तर. रेंज इथं नाही, वर टेकाडावर जावं लागतं. चौघंही जातात. आजी खाली एकटी थांबते. व्हिडिओ कॉलवर आई रोज तेच विचारते, काय खाल्लं. "आन् मी पिठलं-भाकर सांगतो," तो म्हणाला. त्या दिवशी चुलीजवळ पिठलं नव्हतं. चटणीचा डबा होता.

सोमवारी गटशिक्षण कार्यालयात गेलो होतो. त्या शाळेचा प्रस्ताव त्रुटीत आहे म्हणाले. कोणती त्रुटी, ते संबंधित क्लार्क रजेवर असल्यामुळं सांगता आलं नाही. मी लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथंच टाकतो, नाही आलं तर तेही टाकतो.

तुम्ही एक करा. तुमच्या गावात, वस्तीवर, तांड्यावर हंगामी वसतिगृह यंदा कोणत्या तारखेला सुरू झालं, की झालंच नाही, एवढंच कमेंटमध्ये लिहा. गाव, तालुका, तारीख. लेकरांची नावं लिहू नका, फोटो टाकू नका. ज्या गुरुजींची उधारी थकली आहे त्यांना उघड लिहिणं अडचणीचं असेल तर मला इनबॉक्स करा, नाव बाहेर जाणार नाही. तारखांची यादी मी स्वतः करणार आहे आणि पुढच्या वर्षी गाळपाच्या तारखेची बैठक लागेल त्याच्या आधी ती आमच्या आमदारांच्या हातात देणार आहे.